गल्ल्यात न पडणारी मिळकत

वाचकहो, आपल्या घरातील कपाटे, माळे आणि जुन्या ट्रंका यांची एकदा मनातल्या मनात झडती घेऊन पाहा. आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, मावशीने विणलेले आणि आता पिवळे पडलेले टोपडे, कुणाच्या तरी रुखवतात मांडलेले मण्यांचे तोरण, शाळकरी मुलाने केलेला थोडासा वाकडा आकाशकंदील, यांपैकी काही ना काही हाती लागेलच. बाजारात या वस्तूंना कुणी चार रुपये देणार नाही. तरीही घर बदलताना आपण त्या टाकत नाही. कागदात गुंडाळून पुन्हा नव्या माळ्यावर ठेवतो.

अशा वस्तूंविषयी आपण बोलतो, तेव्हा बहुधा घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो. आईची आठवण, आजीची माया, असे शब्द सहज ओठांवर येतात. आज मला या विषयाकडे करणाऱ्याच्या बाजूने पाहावयाचे आहे. जो माणूस आपल्या हाताने एखादी वस्तू करून कुणाला तरी देतो, त्याच्या स्वतःच्या प्रकृतीशी त्या वस्तूचा काय संबंध असतो? दवाखान्यातील अनुभवावरून मला असे वाटते, की हा संबंध आपण समजतो त्याहून बराच घट्ट आहे. आणि तो तुटू लागला, तर घरच्यांनी त्याची वेळीच दखल घ्यावयास हवी.

माझा दवाखाना पावणे येथे आहे. नवी मुंबईचा नकाशा पाहिलात, तर ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात हे गाव सापडेल. पूर्वेला पारसिकचा डोंगर, सभोवती एमआयडीसीतील कारखाने, आणि त्यांच्या मधोमध आगरी-कोळी वस्तीचे जुने गावठाण. सकाळी गावातील मंडळी तपासणीस येतात आणि संध्याकाळी पाळी सुटली, की कारखान्यांतील कामगार. गावठाणातील अरुंद गल्ल्यांत लहान लहान दुकाने आहेत: किराणा, कटलरी, शिलाई, सायकल दुरुस्ती. या दुकानदारांचा दिवस सकाळी शटर वर करण्याने सुरू होतो आणि रात्री दहाला शटर खाली ओढण्याने संपतो. जेवण गल्ल्यावर, झोप अपुरी, व्यायाम शून्य. त्यांचा रक्तदाब आणि साखर या दोन्ही गोष्टी माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत.

याच वस्तीत एका पेंटरचे दुकान आहे. त्यांच्या अनुमतीने त्यांची हकीकत येथे सांगतो. नाव मात्र देत नाही. गावातही त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, सारे जण ‘पेंटर’ असेच म्हणतात. ते मूळचे कोल्हापूरकडचे. ऐंशीच्या दशकात तरुणपणी इकडे आले आणि कारखान्यांच्या पाट्या रंगवू लागले. ‘धोका’, ‘धूम्रपान करू नये’, ‘प्रवेश बंद’ अशी लाल-पिवळी अक्षरे या पट्ट्यातील कितीतरी भिंतींवर आणि पत्र्यांवर त्यांच्या हातची होती. बाजार समितीत माल घेऊन येणाऱ्या ट्रकांची पाठ, मोटारसायकलींच्या नंबर प्लेटा, दुकानांच्या पाट्या, गणेशोत्सव मंडळांचे फलक, हा त्यांचा व्यवसाय.

पुढे फ्लेक्स आला. ज्या पाटीला दोन दिवस लागत, ती यंत्रातून काही मिनिटांत छापून बाहेर पडू लागली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून देणे बंधनकारक झाले आणि तेही काम आटले. पेंटर व्यवहारी गृहस्थ आहेत. त्यांनी काळाशी भांडण मांडले नाही. मुलाच्या मदतीने रेडियम कापण्याचे यंत्र घेतले, संगणक घेतला, फ्लेक्सच्या मागण्या स्वीकारू लागले. दुकान चालते. कमाई पूर्वीपेक्षा कमी नाही, असे ते स्वतःच सांगतात.

मग ब्रशचे काय झाले? ब्रश धंद्यातून गेला, पण दुकानातून गेला नाही. दुकानाच्या बाहेर एक काळा फलक आहे. त्यावर रोज सकाळी पहिला चहा झाला, की ते रंगीत खडूने एक सुविचार लिहितात. शाळेत जाणारी मुले थांबून तो मोठ्याने वाचतात आणि कधी कधी एखाद्या वेलांटीवरून वाद घालतात. पेंटरांच्या दिवसातील हा सर्वांत आवडता काळ. गावात लग्न निघाले, की ओळखीच्या घराच्या दर्शनी भिंतीवर गणपती, कलश आणि ‘चि.’ व ‘चि. सौ. कां.’ यांची नावे ते अजूनही हाताने रंगवून देतात. आणि गल्लीत मूल जन्माला आले, की बारशाच्या दिवशी त्या घरी एक छोटा लाकडी पाट जातो. पाटाच्या कडेला वेलबुट्टी, मधोमध बाळाचे नाव. या दोन कामांचे ते पैसे घेत नाहीत. कुणी आग्रह केला, तर नारळ-सुपारी घेतात.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ते माझ्याकडे आले. रक्तदाब मोजून झाला, गोळ्यांचे बोलणे झाले, तरी उठेनात. मग त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला.

“डॉक्टर, हात हलायला लागलाय.”

“केव्हापासून?”

“आठ-दहा महिने झाले असतील. आधी चहाचा कप धरताना. आता ब्रश टेकवला, की रेघ थरथरते.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“धंद्याचं काही अडत नव्हतं. मशीन कापतंय, पोरगा बघतोय. पण आता सून बाळंत व्हायची आहे. घरच्या बाळाचा पाट मला लिहायला नको का?”

या उत्तरावर मी पुढे बराच विचार केला. ज्या हाताने आता पोट भरत नव्हते, त्याच हाताची त्यांना चिंता लागली होती. विणकाम, भरतकाम किंवा चित्रकला यांची गोष्ट निघाली, की घरोघरी एक वाक्य ऐकू येते: “वेळ जाण्यासाठी करतात.” पेंटरांना वेळ घालवण्याची मुळीच गरज नव्हती. दिवसाचे तेरा तास दुकानात जात होते. त्या तेरा तासांत त्यांच्या स्वतःच्या म्हणता येतील अशा दोनच गोष्टी होत्या, फलक आणि पाट. आठ-दहा महिन्यांत फलक पुसट होत गेला होता, लग्नाच्या भिंती त्यांनी ‘गुडघे दुखतात’ म्हणून नाकारल्या होत्या, झोप उडाली होती, आणि घरच्यांना वाटत होते, की वयोमानाने माणूस चिडचिडा झाला.

हात हलू लागला, की बहुतेकांच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘कंपवात’, म्हणजे पार्किन्सन. परंतु हाताच्या प्रत्येक थरथरीचे कारण हा आजार नसतो, हे वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. पार्किन्सनमधील कंप बहुधा हात मांडीवर स्वस्थ ठेवला असताना दिसतो, एका बाजूने सुरू होतो, त्याबरोबर हालचाली मंदावतात आणि पुष्कळदा अक्षर बारीक होत जाते. दुसरा, आणि अधिक आढळणारा, प्रकार असा, की हात स्वस्थ असताना शांत असतो, पण कप उचलताना, सही करताना, सुईत दोरा ओवताना थरथरतो. पुष्कळ घराण्यांत तो वडिलांकडून किंवा आईकडून आलेला असतो. चहा-कॉफी, जाग्रण आणि मनावरचा ताण यांनी तो वाढतो. याखेरीज थायरॉइडची अतिरिक्त क्रिया, साखर एकदम उतरणे, दम्याची काही औषधे आणि इतर काही गोळ्या यांनीही हात थरथरतो. थोडे मद्य घेतले, की दुसऱ्या प्रकारचा कंप काही काळ कमी होतो. या तात्पुरत्या आरामापायी काही जण व्यसनाच्या वाटेला लागतात, म्हणून हेही स्पष्ट सांगितलेले बरे.

मी पेंटरांना कागद दिला आणि शंखाच्या वळणासारखी आतून बाहेर जाणारी एकच रेषा काढायला सांगितली. ही जुनी, साधी आणि आजही उपयोगी पडणारी तपासणी आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षे पत्र्यावर फुटपट्टीविना वर्तुळे काढली, त्याची ती रेषा करवतीच्या दात्यांसारखी झाली होती. त्यांनी कागद उलटा करून ठेवला. रक्ताच्या तपासण्या झाल्या, मेंदूविकारतज्ज्ञांचे मत घेतले, आणि निदान दुसऱ्या प्रकारच्या कंपाचे ठरले. दमा नसल्यामुळे त्यांना प्रोप्रानोलोल हे औषध देता येण्यासारखे होते. दम्याच्या रुग्णाला ते देत नाहीत. कंप पुरता गेला नाही, कमी झाला. औषधाइतकाच उपयोग इतर तीन गोष्टींचा झाला: ब्रशाच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला, मनगट टेकवण्यासाठी पूर्वीची विसरलेली काठी पुन्हा बाहेर काढली, आणि दुपारच्या चहानंतर काम न करता सकाळी लवकर करायचे ठरवले.

बारसे तोपर्यंत होऊन गेले होते. त्या दिवशी भिंतीवर फ्लेक्सच लागला. पाट तयार झाला तो सहा महिन्यांनी, नातीच्या उष्टावणाला. त्या निमित्ताने आणखी एक गोष्ट बोलणे मला आवश्यक वाटले. तान्ही मुले दिसेल ते तोंडात घालतात. जुन्या इनॅमल रंगांत, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल छटांत, शिसे असे, आणि शिशाचा लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर दुष्परिणाम होतो. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि पुढील वर्षाच्या अखेरीस ते लागू झाले. म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यातील त्याआधीचे डबे बाळाच्या वस्तूला वापरू नयेत. पेंटरांनी ते डबे बाजूला काढले, शिसेविरहित असा उल्लेख असलेला नवा रंग आणला, आणि बाळ जेथे बसेल तो पाटाचा भाग कोरा लाकडाचाच ठेवला. रंग पूर्ण वाळेपर्यंत पाट आठवडाभर माळ्यावर राहिला.

नावातील वेलांटी किंचित हलली आहे. त्यांनीच ती मला दाखवली. मी म्हटले, “दुरुस्त करता आली असती.” ते म्हणाले, “करता आली असती. राहू दिली.” यानंतर फलक पुन्हा रोज लिहिला जाऊ लागला. झोप सुधारली. रक्तदाबही आवाक्यात आला. अर्थात त्याचे श्रेय गोळ्यांना किती आणि पाटाला किती, हे वेगळे करून दाखवण्याचा दावा मी करणार नाही.

दुकान आणि कला एकाच छपराखाली नांदवणारे असे कलावंत महाराष्ट्राला नवे नाहीत. पेंटरांच्या कोल्हापुरातच बाबूराव मेस्त्री यांना लोकांनी ‘पेंटर’ हेच आडनाव दिले. १८९० साली जन्मलेले हे गृहस्थ नाटकांचे पडदे रंगवीत; पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला आणि आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रेही स्वतः रंगवली. ‘पेंटर’ हा शब्द एकेकाळी किती सन्मानाचा होता, हे त्यावरून कळते.

सावंतवाडीचे उदाहरण तर आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. तेथील चितार आळीत आजही लाकडी खेळण्यांची दुकाने आहेत: रंगवलेली फळे, भातुकली, पाळणे, पाट. त्याच गावात गंजिफा नावाचे गोल पत्ते हाताने रंगवले जात. दशावतारी गंजिफाचा एक संच १२० पत्त्यांचा. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्यापासून दश्श्यापर्यंतचे पत्ते. एकेक पत्ता रंगवून त्यावर लाखेचा थर द्यावयाचा. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर या कलेचे तेच झाले, जे फ्लेक्समुळे आमच्या पेंटरांच्या पाट्यांचे झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती जाणणारे हात अगदी थोडे उरले. संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात कलाकारांना बसवून ती पुन्हा उभी केली. सत्त्वशीलादेवी स्वतः ब्रश हाती घेऊन रंगवीत. आज ते पत्ते खेळण्यासाठी क्वचितच विकत घेतले जातात. ते भेट म्हणून दिले जातात. बाजारातली गरज संपल्यावरही भेटवस्तू म्हणून एखादी कला जगू शकते, ही गोष्ट मला विलक्षण आश्वासक वाटते.

हस्तकलेचा आणि उपचाराचा संबंध वैद्यकशास्त्रालाही अपरिचित नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, देशातील पहिले शिक्षण सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या कमलाताई निंबकर या जन्माने अमेरिकन; पुढे त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. या शास्त्राच्या आरंभीच्या काळात विणकाम, टोपल्या करणे, सुतारकाम, भरतकाम यांचा उपचार म्हणून मोठा वापर होत असे. अपघाताने किंवा पक्षाघाताने दुबळा झालेला हात नुसत्या व्यायामाला कंटाळतो. पण त्याच हाताला एखादी वस्तू पुरी करावयाची असली, तर तो तीच हालचाल शंभर वेळा करतो. वस्तू कुणासाठी तरी असली, तर एकशे एकाव्यांदाही करतो.

अलीकडच्या संशोधनातही याचे काही दुवे मिळतात. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एलिझाबेथ डन, लारा अ‍ॅकनिन आणि मायकेल नॉर्टन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देण्यात आले. निम्म्यांनी ते स्वतःवर खर्च करायचे, निम्म्यांनी दुसऱ्यासाठी. संध्याकाळी दुसऱ्यासाठी खर्च केलेले अधिक आनंदी आढळले, आणि रक्कम पाच होती की वीस, याने फरक पडला नाही. प्रयोग छोटा होता, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांवर अहवाल काढला. आजार टाळण्यात, आजारातून सावरण्यात आणि मनःस्वास्थ्य राखण्यात कलेचा हातभार लागतो, असा त्याचा रोख आहे. यातून कुणी औषध सोडून क्रोशाची सुई धरावी, असा अर्थ मात्र काढू नये. औषधाच्या जोडीला ती असावी, इतकेच.

आता याची दुसरी बाजू पाहू. आमच्या परिसरात कटलरीचे दुकान चालवणाऱ्या एक ताई संक्रांतीला हलव्याचे दागिने करीत. खसखशीवर पाकाचे थेंब टाकीत, मंद आचेवर तासन्‌तास हाताने फिरवीत त्या स्वतः काटेरी हलवा करीत आणि शेजारच्या नव्या सुनेसाठी किंवा बाळाच्या बोरन्हाणासाठी एखादा हार, मुकुट, बाजूबंद गुंफून देत. दागिने पाहून लोक म्हणू लागले, “ताई, मागण्या घ्या, चांगला पैसा मिळेल.” त्यांनी घेतल्या. एका हंगामात चाळीस संच झाले. जानेवारीअखेर त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटे बधिर होत होती, मनगट दुखत होते, मान अवघडली होती. “पैसे झाले डॉक्टर, पण या वर्षी एकही दागिना कुणाला नुसता दिला नाही,” हे त्या स्वतःहून बोलल्या. मनगटातील नस दबल्याचे निदान झाले. रात्री पट्टी, विश्रांती आणि काही व्यायाम यांनी आराम पडला. पुढील वर्षापासून त्या मोजक्याच मागण्या घेतात आणि दोन संच आधी बाजूला ठेवतात, जे विकावयाचे नसतात.

कलेतून पैसा मिळवणे वाईट, असे मी कदापि म्हणणार नाही. पुष्कळ घरे त्यावर चालतात आणि विशेषतः स्त्रियांच्या हाती त्यामुळे स्वतःचा पैसा येतो. सांगावयाचे ते इतकेच, की ज्याचा व्यवसायच कलेचा आहे, त्याने वर्षाकाठी निदान काही वस्तू गल्ल्याच्या हिशोबाबाहेर ठेवाव्यात. विकाऊ वस्तूत ग्राहकाची आवड, मुदत आणि भाव सांभाळावे लागतात. द्यावयाच्या वस्तूत एकच माणूस डोळ्यांसमोर असतो, आणि त्यामुळे हाताची गती आपोआप संथ होते. ही संथ गती दुकानदाराच्या दिवसात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

घरच्या मंडळींसाठी मात्र माझी सर्वांत महत्त्वाची सूचना वेगळी आहे. घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती नेहमीचे हातकाम सोडून देऊ लागली, तर ‘कंटाळा आला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. ते एखाद्या आजाराचे पहिले लक्षण असू शकते. रांगोळीचे रंग ओळखू येईनात किंवा सुईत दोरा ओवता येईना, तर मोतीबिंदूसाठी डोळे तपासावेत. भिंतीवर उंच हात जाईना आणि साखरेचा आजार असेल, तर खांदा आखडला आहे काय ते पाहावे. बोट वाकलेले तसेच अडकू लागले, तर तेही मधुमेहात आढळते. बरणीचे झाकण उघडताना अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर तेथील सांधा झिजलेला असू शकतो. वर्षानुवर्षे पाठ असलेली वीण मध्येच विसरत असेल, तर स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. आणि डोळे, हात, स्मृती सारे ठीक असूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप व भूक बिघडली असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत आणि ते वेळेवर घ्यावेत. यांतील बहुतेक दुखण्यांचे औषध किंवा सोपी शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. रुग्ण स्वतः मात्र तक्रार करीत नाही, कारण ‘त्यावाचून काही अडत नाही’ असे त्याला वाटते. पेंटरांनाही तसेच वाटले होते.

म्हणून अलीकडे मी साठी ओलांडलेल्या रुग्णांना भूक, झोप आणि शौच यांच्या जोडीने एक प्रश्न विचारतो: “हल्ली हाताने काय करता?” या एका प्रश्नाने कधी कधी अर्ध्या तपासण्यांचे काम होते. आपणही घरी हा प्रश्न विचारून पाहावा.

हातकाम करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. वीस मिनिटे जवळचे काम केले, की सुमारे वीस सेकंद दूरवर पाहावे. उजेड काम करणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूने यावा, म्हणजे सावली पडत नाही. वस्तू डोळ्यांजवळ उचलून धरता येत असेल, तर मान खाली घालू नये. अर्ध्या तासाने उठून मनगटे आणि बोटे सैल करावीत. ऑइल पेंट व टर्पेंटाइन यांचे काम बंद शटरमागे करू नये. हवा खेळती असावी. हाताचे डाग रॉकेलने किंवा टर्पेंटाइनने काढण्याची सवय त्वचेला घातक आहे. थोडे गोडे तेल चोळून साबणाने धुतल्यास पुरते. रंगाच्या हाताने तंबाखू किंवा खाऊ तोंडात टाकू नये, आणि तंबाखू तर कोणत्याच हाताने टाकू नये.

आणि ज्यांना वाटते, की आपल्या हातात काही कला नाही, त्यांनी वहीच्या कागदाचे एक पाकीट करावे, त्यात परसातील किंवा कुंडीतील चार बिया घालाव्यात, वर ज्याला द्यावयाचे त्याचे नाव स्वच्छ अक्षरात लिहावे आणि ते स्वतः नेऊन द्यावे. यास दहा रुपये लागत नाहीत आणि कुणाची परवानगीही लागत नाही. नाव लिहिताना त्या माणसाचा चेहरा आठवतोच. तेवढा वेळ दुकान, मोबाईल आणि उद्याची देणी यांपासून मन बाजूला राहते. दिवाळीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. या रविवारी, शटर खाली ओढल्यावर, अर्धा तास पुरेल.